अण्णांचा ब्रश

१८ जून

रात्रीपासून पावसाने धार धरली आहे. बाजारपेठेत चिक्कीच्या दुकानांच्या छपराखाली पर्यटक दाटीवाटीने उभे. त्यांतलं कुणी माझ्या स्टुडिओकडे फिरकणार नाही, माझं गिऱ्हाईक गावातलं. पावसाळा लागला की लोक कपाटं उघडतात आणि बुरशी धरलेले फोटो घेऊन येतात. लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस. चार महिने ओल हटत नाही. फोटोवरचं जिलेटिन म्हणजे बुरशीला वाढून ठेवलेलं ताट.

आज भांगरवाडीच्या एक आजी आल्या, सोबत नात. प्लॅस्टिकच्या पिशवीत टॉवेल, टॉवेलात फ्रेम. १९७९ सालचं लग्न. सगळा अल्बम ब्लॅक अँड व्हाइट, रंगीत एवढा एकच, आठ बाय दहा. काढलेला आमच्याच स्टुडिओत, माझ्या वडिलांनी, अण्णांनी. तेव्हा रंगीत रोल आमच्याकडे धुतला जात नव्हता, मुंबईच्या लॅबला जायचा.

"काच काढून स्कॅन करा ना," नात म्हणाली. काच काढायची नाही, हे समजावण्यात दहा मिनिटं गेली. ओल शिरून फोटो काचेला चिकटलाय. चिकटला आहे तिथे ओल्या फरशीसारखा गडद, नाही तिथे पांढुरका. ओढला तर नवरदेव काचेवर राहतील आणि हातात नुसता कागद येईल.

१९ जून

फक्त लाकडी चौकट सोडवली. काचेसकट आडवा ठेवून कॅमेऱ्याने टिपला. दोन्ही दिव्यांपुढे पोलरायझरचे कागद, लेन्सवर पोलरायझर उलटा फिरवलेला. काचेची चमक गायब.

खरी कमाई झाली ती चौकटीखालच्या कडेची. जेमतेम सहा मिलिमीटरचा पट्टा, पण त्याला इतकी वर्षं खिडकीचा उजेड लागलेला नाही. शालूचा काठ तिथे अजून झगझगीत. बाकी फोटोत चेहरे आजारी माणसासारखे हिरवट. रंगीत फोटोत तीन रंगांचे थर: सायन, किरमिजी, पिवळा. त्या काळच्या कागदांवर उजेडाने आधी किरमिजी उडतो. अल्बमच्या अंधारात मात्र सायन आधी जातो, म्हणून तेव्हाचे अल्बम उघडले की अख्खी वरात गुलाल खेळून आल्यासारखी दिसते. आता कडेचा पट्टा उजेडापासून वाचला, पण वर्षं त्याच्यावरूनही गेलीच. त्यातलीही थोडी लाली वजा करावी लागते. किती, ते शेवटी डोळ्यालाच ठरवावं लागतं.

आजींना फोन केला. शालू कुठल्या रंगाचा?

"चिंतामणी."

मागून नातीचा आवाज, "म्हणजे कुठला?" संगणकालाही हा प्रश्न पडला असता. लाली काढल्यावर पट्टा निळा आणि मोरपंखी यांच्या मध्ये कुठेतरी येऊन थांबला. चिंतामणीच तो.

२१ जून

वीज दिवसभर ये-जा करत होती. काम शून्य. अण्णांची आठवण आली. रंगीत फोटोचं गिऱ्हाईक आलं की ते हमखास प्रभात फिल्म कंपनीची गोष्ट सांगायचे: १९३३ साली शांताराम बापू 'सैरंध्री' रंगीत करायला थेट जर्मनीला गेले आणि रंग काही मनासारखे आले नाहीत. मग गिऱ्हाइकाला म्हणायचे, "तिथे आपली काय कथा? ब्लॅक अँड व्हाइट काढा." या माणसाचा धंदा कसा चालला देव जाणे.

२२ जून

तिन्ही चॅनल सुटे करून पाहिले. हिरवा जवळजवळ कोरा, निळ्यात डागच डाग, लाल मात्र ठणठणीत. चेहऱ्यांचा तपशील लालमधून उसना घेतला.

नातीने फार सांगितलं होतं म्हणून एआयचा फिल्टरही लावून पाहिला. एका मिनिटात नवरदेव गुळगुळीत, मालिकेतल्या थोरल्या भावासारखे. कान तेवढे त्यांचे राहिले. पुसून टाकलं.

मग हाताने बुरशी काढायला बसलो. बुरशी ओळखू येते. तिला फांद्या असतात, आणि ती गालावरून मागच्या पडद्यावर बेधडक जाते, माणूस कुठे संपला याच्याशी तिला देणंघेणं नाही. पण गालावर काही तपकिरी ठिपके वेगळेच. चेहऱ्याच्या बाहेर एकही नाही. सगळे एका मापाचे, तांदळाच्या कणीएवढे, एका बाजूला निमुळते. चारशे टक्के मोठं करून बघितलं आणि हात थांबला. हे डाग नव्हेत, ब्रशचे फटकारे आहेत. अण्णांचा ट्रिपल झिरो, जिभेवर टोक काढून घेतलेला.

रिटचिंगचा रंग आणि फोटोतला रंग एका वेगाने म्हातारे होत नाहीत. तेव्हा जे बेमालूम मिसळलं होतं तेच आज उठून दिसतंय. कानाजवळ, जिथवर ब्रश पोचला नाही, तिथे दोन खळगे शाबूत आहेत. देवीचे व्रण. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा. त्याच्या आधी जन्मलेल्यांत असे चेहरे किती तरी होते. फिल्टरने या दोन्ही खळग्यांनाही धूळ समजून झाडून टाकलं होतं. खरं सांगायचं तर सकाळी त्यातल्या एकावर माझाही हीलिंग ब्रश टेकला होता.

२४ जून

आजींना स्क्रीनवर दाखवलं. त्या हसल्या. "त्यांनीच सांगितलं होतं तुझ्या अण्णांना. चेहरा जरा साफ करा म्हणाले. वर पाच रुपये जास्त दिले."

"मग साफच ठेवू या ना," नात म्हणाली. "आजोबांचीच इच्छा होती."

"तेव्हा त्यांचं ऐकलं. आता माझं ऐक," आजी म्हणाल्या. नातीला की मला, कळलं नाही.

बोलणं सोपं आहे. अण्णांचा रंग जिलेटिनात मुरलाय, त्याच्याखालचं मूळ वेगळं काढता येत नाही. फटकारे पुसले तर खाली गाल नाही, भोक आहे. व्रण मनाने काढायचे तर मी आणि तो फिल्टर यांत फरक काय? दुसरा एखादा फोटो शोधा म्हटलं.

२५ जून

सापडला. कारखान्याच्या पासवरचा, पासपोर्ट साइज, लग्नानंतर सात-आठ वर्षांनी काढलेला. ब्लॅक अँड व्हाइट, म्हणजे चांदीचा. रंग नाही, त्यामुळे उडायलाही काही नाही. कुणीतरी खिडकीशी बसवून काढलाय, उजेड बाजूने आलाय, एकेक व्रण मोजावा. कागद मात्र खडबडीत सिल्क फिनिशचा. एकदा सरळ आणि एकदा उलटा फिरवून स्कॅन केला आणि दोन्ही एकावर एक ठेवले. दाण्यांच्या सावल्या विरुद्ध बाजूंना पडल्या आणि एकमेकींना खाऊन गेल्या.

२७ जून

अण्णांचे सतरा फटकारे काढले. एकही कच्चा नव्हता. प्रत्येक काढताना बापाची शिवण उसवल्यासारखं वाटत होतं. मूळ फाइल त्यांच्या ब्रशसकट वेगळी जपून ठेवली आहे. पासवरून पाच व्रण आणले, फ्लॅशच्या उजेडाला जुळतील इतके सौम्य केले.

संध्याकाळी आजी आल्या. छत्री दारात गळत होती. चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिल्या. मग स्क्रीनवर बोट टेकवलं, हनुवटीच्या खाली.

"इथे अजून एक होता."

पासच्या फोटोत ती जागा सावलीत गेली आहे. काहीच दिसत नाही.

"केवढा?" मी विचारलं.

आजींनी करंगळीचं नख दाखवलं.