जोड

माझ्या डोळ्याच्या पडद्याचं दुखणं निघालं, तेव्हापासून फोकस भाची करते. काळ्या कापडाखालून ती सांगते, "मामा, बाभळीचं खोड पकडलं." तिच्या नजरेवर माझा भरवसा आहे. फोटोंचा जोड मात्र अजून तिच्या हाती दिलेला नाही.

असईचं रण मला एका लांब फोटोपट्टीत हवं आहे. भोकरदनजवळ केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांची फौज इंग्रजांच्या वेलस्लीशी भिडली. नद्यांना पाणी असतं म्हणून मीही सप्टेंबरातच जातो. अलेप्पीच्या वागीश्वरी फुलप्लेट कॅमेऱ्यात एक नदी धरली की दुसरी सुटते. चार फिल्म लागतात, म्हणजे तीन जोड.

कडेचे दोन बसतात. मधला छळतो. तिथे बांधावरची बाभूळ जवळ, डोंगराची रेघ लांब. कॅमेरा स्टँडच्या स्क्रूवर फिरवला की भात्याच्या टोकाची लेन्स बाजूला सरकते आणि बाभूळ रेघेवरून घसरते. म्हणून सागवानी फळीला लांब खाच पाडली आणि लेन्स स्क्रूच्या बरोबर वर येईल इतका कॅमेरा मागे घेतला. बाभूळ जागेवर राहिली. मग ढगाची सावली आडवी आली. फिल्मची स्लाइड बदलेपर्यंत ती कपाशीवरून पुढे सरकते आणि एकाच वावराचे दोन रंग होतात. मी वापरतो त्या एक्स-रे फिल्मवरून निळं आभाळ छापात पांढरंच उतरतं, वरचा जोड त्यात विरतो. जमीन काही लपवत नाही.

१९०४च्या अमेरिकन सर्कट कॅमेऱ्यात जोडच नसतो. चावीवर तो स्वतःभोवती फिरतो, आत फटीमागून फिल्म सरकते. पण सरळ बांध धनुष्यासारखा वाकतो. मोबाइल अशी पट्टी जोडताना चालत्या बैलाला सहा पाय लावतो आणि कुणाला काही वाटत नाही. ड्रोन दोन्ही नद्या एका दमात घेतो, पण जमिनीवरच्या माणसाला त्या पाहायला मान वळवावी लागते. ते वळणं माझ्या जोडात आहे.

फोटोग्राफर फेलिचे बिआतोने १८५८ साली लखनौ असंच तुकड्यातुकड्यांनी जोडलं. त्याच्या कागदांच्या कडा दिसतात. भाचीही म्हणते, "मामा, जोडाची रेघ राहू द्या की." तिचं खरं असेल. पण पाहणारा जवळ येतो, जोड शोधतो आणि त्याला तो सापडत नाही, तेव्हा मला जे सुख होतं ते सोडवत नाही. पुढच्या सप्टेंबरात फोकस तिचा, स्लाइडही तीच ओढेल. मधला जोड कापणारं ब्लेड मी देणार नाही. त्या पट्टीखाली नाव एकट्या माझंच असावं, ही हाव डोळ्यांबरोबर कमी झालेली नाही.