नारळीभाताची परीक्षा

आमच्या बीड जिल्ह्यास समुद्र नाहीं. उत्तरेच्या सीमेवरून गोदावरी वाहते, दक्षिणेकडून मांजरा जाते, आणि मध्यें बालाघाटाचे उघडे डोंगर पसरलेले आहेत. वर्षाकांठीं सहाशें-सातशें मिलिमीटर पाऊस पडला तरी आम्ही देवाला हात जोडतों. ज्वारी, बाजरी, तूर आणि कापूस पिकविणाऱ्या या मुलुखांत नारळ हा पाहुणा आणि तांदूळही पाहुणाच. असें असूनही श्रावणी पौर्णिमा आली कीं नवें यज्ञोपवीत, राखी आणि नारळीभात यांवांचून आमच्या घरचा दिवस पुरा होत नाहीं. तिकडे कोंकणांत कोळी समुद्राला नारळ अर्पण करून होड्या लोटतात. इकडे आम्ही विहिरीचें पाणी किती चढलें तें पाहतों आणि नारळीभात खातों. समुद्राचा हा सण डोंगरावर कसा आला, असें विद्यार्थी मला विचारीत. "योगेश्वरीच्या ओटींतून," असें उत्तर मी देत असें. कारण आमच्या घरापुरतें तरी तें अक्षरशः खरें होतें.

अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोंकणांतील कित्येक चित्पावन घराण्यांची कुलस्वामिनी. रत्नागिरी-चिपळूणकडची मंडळी घाट चढून तिच्या दर्शनाला येतात. मार्गशीर्षांतल्या उत्सवांत तर गांवांत सानुनासिक बोली जागोजाग कानीं पडते. माझ्या लहानपणीं त्यांतलीं एक-दोन कुटुंबें आमच्या वाड्यांत उतरत आणि निघतांना आईच्या ओटींत नारळ घालीत. आई ते फोडीत नसे. फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवून देई. मार्गशीर्षापासून श्रावणापर्यंतच्या आठ महिन्यांत आंतलें पाणी आटून जाई आणि नारळ हलविला कीं गोटा खडखड वाजूं लागे. तें गोटा खोबरें किसून, लातूरच्या बाजारांतला काळसर गूळ घालून आई जो भात करी, तो आमचा नारळीभात. ओला नारळ घातलेला भात मीं प्रथम खाल्ला तो नोकरी लागल्यावर.

आतां माझा अपराध सांगतों. चौतीस वर्षें शाळेंत मराठी आणि संस्कृत शिकविल्यामुळें मला गुण देण्याची खोड जडली. याज्ञवल्क्यस्मृतीच्या ग्रहशांतिप्रकरणांत सूर्यासाठीं गुडौदन सांगितला आहे, हें मी पंक्तींत ऐकवीत असें. आणि दध्योदन या समासाचा विग्रह करतांना अन्न तें संस्कार्य व व्यंजन तें संस्कारक, हें समजावण्यासाठीं 'नारिकेलौदन' असा घरगुती शब्द बनवून मुलांना हसवीत असें. पण घरीं मात्र दर श्रावणांत पहिला घांस घेतल्यावर माझ्या तोंडून एकच वाक्य निघे: "चांगला झाला आहे, पण आईसारखा नाहीं." लग्नाला चाळीस वर्षें झालीं. म्हणजे हें वाक्य सौभाग्यवतीनें चाळीस वेळां ऐकलें. तिनें कधीं गूळ बदलून पाहिला, कधीं तांदूळ जुना घेतला, कधीं खोबरें भाजून घातलें. आईच्या भाताला एक निराळाच खमंगपणा असे, तो कांहीं केल्या साधेना. आणि तो साधला नाहीं हें सांगण्यांत मी मातृभक्ति समजत असें.

गेल्या श्रावणांत योग असा आला कीं, पुण्याहून थोरली बहीण, आमची अक्का, राहावयास आली होती. धाकटे बंधु शेजारच्याच खणांत राहतात. त्यांची पत्नी गुलबर्ग्याकडची. सूनबाई गुहागरची. जेवणाच्या गप्पांत कोणाचा नारळीभात खरा, असा वाद निघाला, आणि मी उत्साहाच्या भरांत जाहीर केलें कीं चौघींनीं आपापला करावा, मी परीक्षक होतों. शंभरपैकीं गुण देईन. एक वही आणि पेन्सिल घेऊन मी पाटावर बसलों, हें आतां लिहितांना संकोच वाटतो.

सूनबाईंचा भात आधीं आला. तिनें नारळाचें दाट दूध काढून त्यांत तांदूळ शिजविला होता. वर ताजा चव, पिंवळा गूळ, लवंग, वेलदोडा. मऊ, ओलसर, खोबऱ्याच्या वासानें भरलेला. ती म्हणाली, "बाबा, आमच्याकडे झाड अंगणांत, म्हणून दुधाला कोणी मोजीत नाहीं." नारळाच्या दुधांत भात शिजविण्याची ही रीत दूरवर गेलेली आहे, मलाया देशांत तोच भात खारट करून सकाळच्या न्याहारीला खातात.

अक्काचा भात पुणेरी. बासमतीचे शीत न् शीत मोकळें, गुळाऐवजीं साखर, केशर, बेदाणे, काजू आणि गोडी मारण्यासाठीं लिंबाचा रस. दिसण्यांत तो सर्वांत देखणा होता.

वहिनींचा भात गोडच नव्हता. मोहरी, उडदाची डाळ, लाल मिरची, कढीलिंब यांची फोडणी आणि वर भरपूर ओलें खोबरें. मीं नाक मुरडलें तेव्हां त्या शांतपणें म्हणाल्या, "भावजी, आमच्याकडे याला कायी अन्न म्हणतात. दक्षिणेंत नारळाचा भात म्हटला कीं असाच." तमिळ मुलुखांत आडि महिन्याच्या अठराव्या दिवशीं नदीकांठीं जे चित्रान्नाचे प्रकार नेतात, त्यांत हा असतोच, हें मला ठाऊक होतें, तरी मीं दहा गुण कापले.

शेवटीं सौभाग्यवतीचा. तूप-लवंगेवर परतलेला जुना तांदूळ, गोटा खोबरें, काळा गूळ, आईच्या रीतीनें. मीं घांस घेतला, डोळे मिटले आणि संवयीनें बोलून गेलों, "चांगला झाला आहे, पण आईसारखा नाहीं. तो खमंगपणा नाहीं."

अक्का वाढतां वाढतां थांबली. म्हणाली, "तुला कोणता भात आठवतो रे? बहात्तर सालचा?"

मी म्हणालों, "तोच. तसा पुन्हां कधीं झाला नाहीं."

१९७२ च्या त्या श्रावणांत पाऊस रुसला होता. पुढें वर्षभर परदेशांतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी आम्हीं खाल्ल्या, आणि खडी फोडण्याच्या कामावर वाटली जाणारी सुकडी शेजारचीं मुलें आम्हांला देत. तेव्हां मी तेरा वर्षांचा होतों. अक्का अठरा वर्षांची, चुलीपाशीं आईच्या हाताखालीं.

अक्का म्हणाली, "अरे, तो करपला होता. घरांत पावशेर रेशनचा तांदूळ. आई आडावर गेली. पाणी खालीं गेलेलें, पोहरा भरेना, तिला उशीर झाला. मी जाळ ओढायला विसरलें. गूळ बुडाला लागला. आल्यावर तिनें झांकण काढलें आणि पदर डोळ्यांना लावला. कारण दुसरा करायला दाणा नव्हता. वरचा भात हलक्या हातानें काढून तुम्हां पोरांना वाढला. तूं म्हणालास, 'आई, आज फार छान झालाय.' तेव्हां ती हसली. तिच्या वांट्याला कांहीं उरलें नव्हतें. आम्हीं दोघींनीं भाकरी खाल्ली."

पंक्तींत कोणी बोलेना. सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ओगराळें घेऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, "म्हणजे चाळीस वर्षें मीं न करपविल्याबद्दल बोलणीं खाल्लीं."

सगळे हसले. तीही हसली. पण मला तें हसणें पुरलें नाहीं. ज्या चवीसाठीं मी एका बाईला चाळीस वर्षें उणें ठरवीत आलों, ती चव माझ्या आईच्या एका वाईट दिवसाची होती. मीं तिला आदर्श करून भिंतीवर टांगलें आणि तिच्या नांवानें दुसरीला रोज परीक्षेला बसविलें. आई असती तर तिनेंच मला गप्प केलें असतें.

आणखी एक गोष्ट त्याच वेळीं ध्यानांत आली. मीं चार ताटांना गुण दिले होते; पण चौघींपैकीं एकीनेंही अजून घांस घेतला नव्हता. आमच्या घरची रीत अशी कीं पुरुषांची पंगत उठल्यावर बायका बसतात. म्हणजे नारळीभात गरम कसा लागतो, हें करणारणीला कधीं कळतच नाहीं. गार झाल्यावर गूळ घट्ट होतो, तूप थिजतें. तोच भात त्या खातात आणि आम्ही त्याची परीक्षा घेतों. बहात्तर सालीं आईला दुष्काळानें उपाशी ठेवलें, हें खरें. परंतु एरवींच्या सालीं तिला गार भातावर कोणीं बसविलें? वहींतलें पान मीं कोणाला दाखविलें नाहीं. चुलीला तें कामाला आलें असतें, पण आतां घरांत गॅस आहे. म्हणून बंबांत घातलें.

यंदाच्या पौर्णिमेला मीं घरांत सांगितलें कीं भात मी करीन आणि बायकांची पंगत आधीं बसेल. बंधूंनीं कुरकुर केली. चिरंजीव मात्र नारळ खवावयास बसला. सूनबाईंनीं नारळ दिला, वहिनींनीं लवंगा मोजून दिल्या, सौभाग्यवती मुद्दाम ओसरीवर जाऊन बसली. तांदूळ धुवून निथळले, तुपावर परतले, आधण घातलें; येथपर्यंत सर्व यथास्थित झालें. पुढें मला घाई झाली. शितें नीट फुलण्याच्या आधींच मीं गूळ घातला.

चौघी ओळीनें बसल्या. मीं वाढलें, भात वाफाळत होता. सौभाग्यवतीनें घांस घेतला आणि बराच वेळ चावला.

"कसा आहे?" मीं विचारलें.

ती म्हणाली, "गूळ आधीं पडला कीं तांदूळ पाणी घेत नाहीं, शीत कडक राहतें. भात पुरा शिजवून, निववून मग गूळ घालायचा असतो. हें मला तुमच्या आईंनीं पहिल्याच वर्षीं सांगितलें होतें."

आईनें तिला शिकविलें होतें, आणि मी तिला आईचें उदाहरण देत होतों! मी खालीं मान घालून उभा राहिलों.

"गुण किती?" अक्कानें विचारलें.

सौभाग्यवतीनें दुसरा घांस घेतला, वाफेवर फुंकर घातली आणि म्हणाली, "पस्तीस. उत्तीर्ण. पण गरम आहे, म्हणून आणखी वाढा."