तिळाची भाकरी आणि विश्व

'विश्व प्रसरण पावत आहे' हे वाक्य तुम्ही कुठंतरी वाचलं असेल. मला ते उमगलं आमच्या चुलीपाशी!

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. दिवाळी झाली की आई-अप्पा टोळीबरोबर ऊसतोडीला जायचे, ते कारखान्याचा पट्टा पडल्यावरच परतायचे. मी आज्जीजवळ राहून शाळेत जायचे.

एकदा सरांनी सांगितलं, की दूरच्या दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, आपल्यापासून लांब चालल्या आहेत. जी जितकी दूर, तितका तिचा वेग जास्त. हे अमेरिकेतल्या एडविन हबल यांनी १९२९ साली दाखवून दिलं. मला कोडं पडलं. सगळ्या आपल्यापासूनच का पळतात? आपण काय मधोमध आहोत?

भोगीला आज्जी तीळ लावून बाजरीची भाकरी थापत होती. हात फिरेल तशी भाकरी पसरायची आणि तीळ एकमेकांपासून सरकायचे. कोणत्याही तिळावर बसून पाहिलं, तर बाकीचे लांब जातानाच दिसणार! जवळचा थोडा सरकणार, लांबचा जास्त. तीळ मात्र होते तेवढेच राहतात. दीर्घिकांचंही तसंच. त्यांच्यामधलं अवकाश ताणलं जातं, पण गुरुत्वाकर्षणानं बांधलेलं पांगत नाही. शेजारची देवयानी दीर्घिका तर उलट आपल्याकडेच येते आहे. एक फरक लक्षात ठेवा : भाकरीला काठ असतो आणि मध्यही. विश्वाला तसा काठ किंवा मध्य आढळलेला नाही.

मी आज्जीला सांगितलं, "हे सगळं मागं मागं नेलं, तर १३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व अतिशय दाट आणि तापलेलं होतं. त्याला महास्फोट म्हणतात."

आज्जी म्हणाली, "आगं, पर मंग ते पीठ कुठून आलं?"

याच प्रश्नावर मोठमोठ्या शास्त्रज्ञांचे वाद झाले आहेत. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजला फ्रेड हॉईल यांचे विद्यार्थी होते. हॉईल म्हणत, विश्वाला सुरुवातच नाही. ते पसरतं तसं नवं द्रव्य थोडं थोडं तयार होत राहतं. जणू थापता थापता पीठच वाढतंय! नारळीकरांनीही या विचारावर काम केलं. पण १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांचा शोध जाहीर झाला. आकाशाच्या सर्व दिशांनी मंद सूक्ष्मलहरी येत होत्या. चूल विझल्यावर राखेत धग उरावी, तशी ती आरंभीच्या उष्णतेची खूण होती. बहुतेक शास्त्रज्ञांनी महास्फोट मान्य केला. नारळीकर मात्र पुढंही अनेक वर्षं शंका मांडत राहिले. २०२५ मध्ये ते गेले. मुलांनी सही मागितली, की ते म्हणत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव. उत्तराखाली सही मिळायची!

आज्जीच्या प्रश्नाचं पक्कं उत्तर विज्ञानाला अजून मिळालेलं नाही. आज्जीनं शाळेची पायरी कधी चढली नव्हती, तरी तिला तो पडला. प्रश्न कुणालाही पडतो. उत्तराच्या मागे लागायचं तर शाळा हवी. म्हणूनच आई-अप्पांनी मला कोपीवर न नेता गावात ठेवलं होतं, हे मला खूप उशिरा कळलं.