दम टिकवायचा तर पाली!

वीकेंडला राजगड करायचाय, पण गुंजवण्याहून चोरदरवाजाची खडी चढण झेपणार नाही? मग नसरापूर, मार्गासनी, साखर, वाजेघर करत सरळ पाली गाठा. आम्ही सहा जण आणि सॅकचा ढीग असूनही आमची डिझेल जीप चढावर दमली नाही. पायऱ्यांवर आम्हीच धापा टाकायला लागलो. एकजण म्हणाला, "तिला टर्बो आहे, आपल्याला कुठंय?"

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर एक चक्र फिरतं आणि ते इंजिनात जास्तीची हवा कोंबतं, हाच टर्बो. १९५२ साली अमेरिकेत इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत कमिन्सनं टर्बो डिझेल गाडी उतरवली. फ्रेड अगाबाशियननं ताशी १३८ मैल वेग गाठून सगळ्यांत पुढची जागा पटकावली. पण २०० पैकी ७१ फेऱ्यांतच खेळ खल्लास! हवा घ्यायचं तोंड जमिनीलगत होतं, त्यात टायरच्या रबराचा चुरा अडकला आणि गाडीचा श्वासच कोंडला.

गाडी हरली, टर्बो डिझेल मात्र जगभर पसरलं. १९६२ साली आपल्या पुण्यातच, कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली. आज घाट चढणारे ट्रक टर्बोच्याच जिवावर चढतात.

डेडलाइनमागे पळताना आपलंही तेच होतं. वेग असतो, हवा संपते. पालीची वाट रुंद, पायऱ्यांची. दरवाजा अंबारीसकट हत्ती जाईल एवढा. इथं घाई कशाला? थांबत, बोलत चढा. पद्मावती तलावाशी पोचाल तेव्हा गप्पा मारण्याइतका दम शिल्लक असू द्या.