स्ट्रॉमनेसची भाकरी

हॉय बेटाची बोट आज सुटणार नाही, असं धक्क्यावरच्या माणसाने सांगितलं आणि मी जून महिन्याच्या नावाने बोटं मोडली. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं, त्यांतलं हे बंदर. इथला उन्हाळा म्हणजे अंगात स्वेटर आणि माणसाला भिंतीला चिकटवणारा वारा. 'ओल्ड मॅन ऑफ हॉय' हा १३७ मीटर उंच सुळका पाहायचा राहिला. तसे सुळके मला फारसे रुचत नाहीत; सगळे पाहतात म्हणून पाहायचे.

गावात मुख्य रस्ता एकच, फरसबंदीचा. मोटार आली की एखाद्या दाराशी अंग चोरून उभं राहायचं. एका चढत्या बोळाचं नाव 'खैबर पास' निघालं. इंग्रजी साम्राज्याची हौस या बोळापर्यंत पोचलेली पाहून वाऱ्यातही हसू आलं. दक्षिणेकडे लॉगिनची विहीर आहे, १९३१ साली बंद केलेली. कॅप्टन कुकच्या जहाजांनी १७८० साली इथलं पाणी भरलं आणि १८४५ साली आर्क्टिक मोहिमेवर निघालेल्या फ्रँकलिनच्या 'एरेबस' आणि 'टेरर' या जहाजांनीही, असं तिथल्या पाटीवर कोरलंय. त्या दोन जहाजांवरची माणसं उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात गेली ती गेलीच. पाटीसमोर मी वाऱ्याची पर्वा न करता बराच वेळ उभा होतो.

मग कुडकुडत एका चहाच्या दुकानात शिरलो. मालकीणबाई सत्तरीच्या असाव्यात. त्यांनी 'बेअर बॅनक' पुढे ठेवला. बेअर म्हणजे इथली जुन्या वाणाची बार्ली. त्याच्या पिठाची ही तव्यावरची जाड, करडी भाकरी. चव किंचित धुरकट, किंचित कडवट, अगदी आमच्या नाचणीच्या भाकरीच्या घराण्यातली. वर लोणी आणि जॅम. आठवडाभर मऊ पांढऱ्या पावाने विटलेलं तोंड ताळ्यावर आलं.

विहिरीची गोष्ट निघाली, आणि मी सहज म्हणालो, "डिकन्सने फ्रँकलिनवर लिहिलंय ना? माझा फार आवडता लेखक."

बाईंनी किटली खाली ठेवली. "डिकन्स? आमच्या जॉन रेला खोटं पाडणारा?"

पुढचा पाऊण तास त्याच बोलल्या. रे इथलाच, ऑर्कनीचा, १८१३ सालचा. हडसन्स बे कंपनीचा डॉक्टर. इनुइट लोकांकडून बर्फात राहायला, चालायला शिकलेला. फ्रँकलिनची माणसं उपासमारीने मेली आणि शेवटी त्यांनी मेलेल्या सोबत्यांचं मांस खाल्लं, हे त्याने १८५४ साली इनुइटांकडून ऐकलं आणि लंडनला तसंच कळवलं. फ्रँकलिनच्या पत्नी लेडी फ्रँकलिन खवळल्या. डिकन्सने आपल्या साप्ताहिकात लेख लिहून इनुइटांनाच रानटी आणि खोटारडं ठरवलं. रेला 'सर' ही पदवी मिळाली नाही ती नाहीच.

"आणि पुढे हाडं सापडली," बाई म्हणाल्या. "सुऱ्यांच्या खुणा असलेली."

डिकन्सच्या बाजूने बोलायला माझ्याकडे काही नव्हतं. कॉलेजात त्याच्या कादंबऱ्यांवर मी रडलो होतो, हे तर अजिबात बोललो नाही. धक्क्यावर रेचा पुतळा आहे, तो पाहून या, असं त्यांनी बजावलं. होकार देऊन मी आणखी एक बॅनक मागितला.

तो आला. लोणीही आलं. जॅमची बरणी मात्र बाईंनी आपल्याच बाजूला ठेवली.