आवाज तोच, ठेका नवा

ऑगस्ट १९९४. एव्हरीथिंग बट द गर्ल या इंग्लिश जोडीचं ‘मिसिंग’ हे गाणं सिंगल म्हणून निघालं. ब्रिटनच्या यादीत ६९व्या क्रमांकापर्यंत चढलं आणि विरलं. पुढच्याच वर्षी टॉड टेरीने केलेलं त्याचं रिमिक्स तिथे तिसऱ्या क्रमांकावर गेलं, १९९६मध्ये अमेरिकेत दुसऱ्या. बिलबोर्डच्या ‘हॉट १००’ यादीत ते ५५ आठवडे होतं. तोवर तिथे इतकं कुणी टिकलं नव्हतं. शब्द तेच, चाल तीच, गायिका ट्रेसी थॉर्नचा आवाजही तोच.

*

टेरी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनचा, हाउस या नृत्यसंगीतात मुरलेला. हाउसचा ठेका साधा असतो: चार मात्रा, प्रत्येक मात्रेवर किक ड्रम, दुसरीवर आणि चौथीवर टाळी, मधल्या फटींत हाय-हॅट. मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके. पाय ठेक्यात पडायला संगीताचं ज्ञान लागत नाही.

*

हा ठेका १९८०च्या दशकात शिकागोच्या क्लबांमध्ये घडला. फ्रँकी नकल्ससारख्या डीजेंपुढे नाचणारे बरेचसे कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी तरुण होते. आज जगभर वाजणाऱ्या या संगीतावर पहिला हक्क त्यांचा आहे.

*

क्लबसाठी केलेल्या मिक्सची सुरुवात बहुतेकदा नुसत्या ठेक्याने होते. आधीच्या गाण्याचा वेग जुळवून त्यातून नव्यात शिरायला डीजेला तेवढी जागा हवी असते. रेडिओला एवढा धीर नसतो. तिथे गाणारा आवाज लवकर यावा लागतो. म्हणून एकाच रिमिक्सची लांब क्लब आवृत्ती निघते आणि तीन-चार मिनिटांची रेडिओ आवृत्तीही. आधी डीजे वाजवतात, मग नाचणारे विचारू लागतात, मग रेडिओ, मग कंपनी सिंगल पुन्हा काढते.

*

‘मिसिंग’ विरहाचं गाणं आहे. थॉर्न ते संयमाने गाते, हुंदका आणत नाही. टेरीने तो संयम जपला आणि खाली न थांबणारा ठेका दिला. पाय नाचतात, आवाज मात्र हरवलेल्या माणसालाच शोधत राहतो. एकटीचं दुःख शेकडोंच्या गर्दीत सोसवतं. मला वाटतं, गाणं त्यामुळेच घराघरांत गेलं.

*

आपल्या जवळचं उदाहरण: ब्रिटनच्या कॉर्नरशॉप या बँडचं ‘ब्रिमफुल ऑफ आशा’. ही आशा म्हणजे सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले. मूळ गाणं १९९७मध्ये ६०व्या क्रमांकावर अडलं. नॉर्मन कुक ऊर्फ फॅटबॉय स्लिमने त्याचा वेग वाढवला, सूर वर नेला. फेब्रुवारी १९९८मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिलं आलं. ठेका हाउसचा नव्हे, पण रीत तीच: गायकाला ठेवून खालचा ठेका नवा.

*

२००२चं ‘काँटा लगा’ याच्या उलट. १९७२च्या ‘समाधी’त ते लताबाईंनी गायलं होतं, रिमिक्समध्ये आवाज दुसराच. गाजलं तेही, खूप. पण त्यात मूळ गाणं नव्याने ऐकल्याचा आनंद मला मिळाला नाही.

*

‘मिसिंग’नंतर या जोडीने १९९६मध्ये ‘वॉकिंग वूंडेड’ हा अल्बम काढला, त्यात इलेक्ट्रॉनिक ठेके होते. म्हणजे रिमिक्स मूळ कलावंतांनाही पुढची वाट दाखवू शकतं. ज्याने गाणं इतक्या बारकाईने ऐकलं, त्याचं नाव गायकाच्या शेजारी मानाने छापलंच पाहिजे.