पट्टा पाठीकडून झिजतो

राइस मिलमधल्या एलिव्हेटरचा पट्टा निकामी झाला की मालकाचा पहिला प्रश्न जाडीचा असतो: या खेपेला चारऐवजी पाच प्लायचा, म्हणजे पाच कापडी थरांचा, घ्यायचा का? भंडारा-गोंदियाकडच्या मिलांची देखभाल करताना हा प्रश्न माझ्यापुढे इतक्यांदा आला आहे की त्यामागचा समजही मला पाठ झाला आहे. धान खरखरीत, ते दिवसरात्र पट्ट्यावरून जातं, म्हणून पट्टा झिजतो. जाड घेतला तर झिजायला जास्त वेळ लागेल. ऐकायला सरळ वाटतं. पण बकेट एलिव्हेटरमध्ये धान पट्ट्यावरून जातच नाही, ते बकेटमध्ये असतं. रहाटगाडग्यात पाणी गाडग्यात असतं आणि माळेला फक्त भार पेलायचा असतो, तसंच हे. खाली बूटमध्ये बकेट भरते, पट्टा तिला उभी वर नेतो, हेड पुलीवरून वळताना ती रिकामी होते आणि पालथी होऊन खाली येते. या फेऱ्यात मालाचा पट्ट्याच्या पुढच्या बाजूशी संबंध येतो तो नावापुरता. मग पट्टा झिजतो कुठे? माझं म्हणणं असं, की तो पाठीकडून झिजतो, कडांनी विरतो आणि बोल्टच्या भोकांपाशी फाटतो. या तिन्ही ठिकाणी नुकसानीचं कारण पट्ट्याच्या बाहेर असतं. म्हणून पट्टा वाचवायचा तर पैसा पट्ट्याच्या जाडीवर नव्हे, त्याच्या शेजारपाजारावर खर्च करायला हवा.

याचा पुरावा उतरवलेल्या पट्ट्यावरच असतो, मात्र तो उलटा करून पाहावा लागतो. पाहणारे फार कमी. बहुतेक मिलांत जुना पट्टा गुंडाळून कोपऱ्यात टाकतात आणि नंतर तो बैलगाडीखाली, गोठ्यात किंवा दाराशी अंथरायला जातो. तो पसरून पाठ वर केली तर पुढचं रबर बहुधा शाबूत असल्याचं दिसतं. पाठीवर मधोमध चकाकणारा, कडक झालेला, बारीक तडे गेलेला भाग असेल तर पट्टा हेड पुलीवर घसरत होता. पाठभर खड्डे आणि टोचल्याच्या खुणा असतील तर बूट पुली आणि पट्टा यांच्यामध्ये दाणे किंवा खडे चिरडले जात होते. एकाच कडेचे धागे मोकळे झाले असतील तर पट्टा एका बाजूला सरकून पत्र्याच्या कवचाला घासत होता. बोल्टची गोल भोकं लांबट झाली असतील तर बकेट बूटमध्ये साचलेल्या ढिगातून उकरत जात होत्या, किंवा कुणीतरी पट्टा गरजेपेक्षा जास्त ताणला होता. या चारही खुणांपैकी एकही 'पट्टा पातळ होता' असं सांगत नाही.

यातली अडकलेल्या दाण्यांची गोष्ट सर्वांत दुर्लक्षित, आणि धानाच्या बाबतीत सर्वांत महाग. धानाच्या वजनाचा साधारण पाचवा भाग तूस असतो. तूस जाळलं तर त्याच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतकी राख उरते, आणि त्या राखेचा बहुतांश भाग सिलिका असतो. म्हणजे धानाच्या प्रत्येक दाण्याने काचेच्या जातीचं कवच घातलेलं असतं. बकेटमध्ये असताना ते निरुपद्रवी असतं. तेच पट्टा आणि लोखंडी पुली यांच्या चिमटीत सापडलं की प्रत्येक फेऱ्यात रबरात घुसतं. तिथे धान पोचतं कसं? बरंचसं वरून पडतं. हेडवर बकेट रिकामी होताना सगळा माल बाहेरच्या तोंडात गेला पाहिजे. काही गेला नाही, तर तो उतरत्या बाजूच्या नळीतून थेट बूटमध्ये येतो आणि त्यातला काही पट्ट्याच्या पाठीवर, पुलीच्या तोंडी पडतो. किती माल परत पडेल हे मुख्यतः वेगावर ठरतं. वळणाच्या माथ्यावर मालाला बाहेर फेकणारा जोर आणि त्याचं वजन ज्या वेगाला बरोबरीला येतात, तो वेग काढायला सोपं गणित आहे: 30 ला त्रिज्येच्या वर्गमुळाने भागायचं, त्रिज्या मीटरमध्ये. बकेटमधल्या मालाचा मध्य पुलीच्या मध्यापासून 0.3 मीटरवर असेल तर उत्तर मिनिटाला सुमारे 55 फेरे येतं. एलिव्हेटर बनवणारा या आकड्याचा आणि बकेटच्या आकाराचा मेळ घालून वेग आणि हेडच्या टोपीचा घाट ठरवतो. पुढे उत्पादन वाढवायची घाई होते, मोटरची पुली मोठी बसवली जाते आणि मेळ बिघडतो. बकेट वेळेआधी माल फेकते, तो टोपीवर आपटून मागे येतो. मिलवाल्याला वाटतं तासाला जास्त धान चढतंय. त्यातलं काही दुसऱ्यांदा चढत असतं.

यावरचे उपाय साधे आहेत. बूटमध्ये भरीव पुलीऐवजी पिंजऱ्यासारखी, आडव्या पट्ट्यांची पुली बसवली की दाणा चिरडण्याआधी फटीतून आत पडतो आणि कडेने बाहेर निघतो. माल चढत्या बाजूने आणि बूट पुलीच्या मध्याच्या वरून सोडला तर बकेट थेट धारेखाली भरते, तळातून खोदत नाही. धान ओतायच्या खड्ड्यावर जाळी आणि एलिव्हेटरच्या आधी चाळणी असेल तर खडे, खिळे आणि बारदान्याची सुतळी आत येत नाही. सुतळीवर हसू नये. ती बूट पुलीच्या शाफ्टभोवती गुंडाळत जाते, पुलीच्या कडेला गाठोडं होतं आणि पट्टा त्यावर चढून वाकडा धावू लागतो.

घसरण्याचं गणित अधिक स्पष्ट आहे आणि मालकांना पटवायला मला तेच उपयोगी पडतं. पुलीभोवती अर्धा फेरा घेतलेल्या पट्ट्याच्या ताणलेल्या आणि सैल बाजूंच्या ताणांचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की पट्टा घसरतो, आणि ती मर्यादा घर्षणावर ठरते. उघड्या लोखंडी पुलीवर घर्षणाचा गुणांक 0.2 धरला तर मर्यादा सुमारे 1.9 येते, पुलीवर रबराचा थर, म्हणजे लॅगिंग, लावून तो 0.35 झाला तर 3. आता माल उचलायला लागणाऱ्या ओढीला एक भाग म्हणा. उघड्या पुलीवर न घसरता तेवढी ओढ मिळवायला सैल बाजूला सुमारे 1.15 भाग ताण ठेवावा लागतो, म्हणजे चढत्या बाजूला 2.15. लॅगिंग असेल तर सैल बाजूला अर्धा भाग पुरतो आणि चढत्या बाजूला दीड. तोच माल, तीच उंची, पण पट्ट्यावरचा ताण तीस टक्क्यांनी कमी. एक प्लाय वाढवून जे साधायचं, ते पुलीवर रबर चढवून साधतं, आणि ताण कमी झाल्यामुळे भोकं, जोड, बेअरिंग यांवरचा भारही उतरतो. घसरणाऱ्या पट्ट्याला मिस्त्री टेक-अपचे, म्हणजे पट्टा ताणायचे, स्क्रू आवळून उत्तर देतो. त्याने घसरणं थांबतं खरं, पण नुकसान पाठीवरून भोकांकडे सरकतं एवढंच.

सर्वांत वाईट घसरण वीज गेल्यावर होते. चढत्या बाजूच्या बकेट भरलेल्या असतात. हेड शाफ्टला उलट फिरू न देणारी कळ नसेल तर पट्टा मागे धावतो आणि सगळं धान बूटमध्ये ओततो. वीज आल्यावर बकेट ढिगात पुरलेल्या असतात, पट्टा जागचा हलत नाही, पुली मात्र त्याखाली फिरत राहते. मग मोटर चालू-बंद करत झटके दिले जातात. अशा वेळी रबर जळल्याचा वास येतो तो पट्ट्याच्या एकाच जागेचा असतो आणि पुढे तो तिथेच तुटतो. अमेरिकेत धान्य हाताळणाऱ्या कारखान्यांसाठी 1987 साली नियम झाले, त्यात तुंबलेला एलिव्हेटर असे झटके देऊन मोकळा करायला सरळ मनाई आहे. पट्ट्याचा वेग नेहमीच्या वेगापेक्षा 20 टक्क्यांनी उतरण्याआधीच यंत्र आपोआप बंद करणारं उपकरण लावणंही त्यांनी सक्तीचं केलं. त्या नियमांच्या मागे पट्ट्याची काळजी नव्हती. 1977 च्या डिसेंबरात लुइझियानातल्या वेस्टवेगो इथे धान्याच्या कोठारात धुळीचा स्फोट होऊन 36 माणसं गेली होती, आणि तापलेला पट्टा, तापलेलं बेअरिंग ही धुळीला पेटवणारी ठिकाणं आहेत. आपल्या मिलांतही धूळ कमी नसते. पट्टा वाचवणारी युक्ती आणि माणूस वाचवणारी युक्ती इथे एकच आहे, तरी ते उपकरण मला फार थोड्या ठिकाणी लावलेलं दिसतं.

वाकड्या धावण्याबद्दल फार लिहायची गरज नाही. हेडवरून ओळंबा सोडून बूटची पुली त्याच रेषेत आहे का पाहायचं, दोन्ही शाफ्टवर पाणसळ ठेवायची, टेक-अपचे दोन्ही स्क्रू सारखे फिरवायचे आणि पट्ट्याची टोकं गुण्यात कापायची. हेड पुली मध्यभागी किंचित फुगीर असते ती पट्टा मध्यावर राहावा म्हणून. झिजून सपाट झाली की तो गुण जातो. हे सगळं प्रत्येक फिटरला ठाऊक आहे. होतं असं, की पट्टा सरकला की तो एका बाजूचा स्क्रू आवळून 'सरळ' केला जातो, आणि खरा दोष, म्हणजे बहुधा तिरका कापलेला जोड, तसाच राहतो.

बोल्टचं तसं नाही, तिथे माहितीच कमी पडते. 250 मिमी रुंदीच्या पट्ट्यात एका ओळीत 8 मिमीची चार भोकं पाडली की 32 मिमी कापड गेलं, म्हणजे त्या रेषेवर सुमारे तेरा टक्के ताकद गेली. तीच भोकं दोन ओळींत आलटून-पालटून पाडली तर एका रेषेवरचं नुकसान निम्मं. भोक पंचाने पाडायचं, तापलेल्या सळईने नव्हे. सळईने कडेचं कापड जळतं आणि फाटणं तिथूनच सुरू होतं. एलिव्हेटरचा बोल्ट वेगळा मिळतो, रुंद सपाट डोक्याचा, जे पाठीच्या रबरात बसून जातं. त्याऐवजी हाताशी असलेला षटकोनी डोक्याचा बोल्ट लावला की प्रत्येक बकेट पुलीवरून जाताना लॅगिंगला ठोकर देते. नवा पट्टा काही तास चालल्यावर रबर दबतं आणि सगळे बोल्ट सैल होतात, तेव्हा ते पुन्हा आवळायलाच हवेत.

आता जाडीच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं. जाड पट्ट्यात जास्त रबर आणि जास्त कापड असतं, मग तो जास्त टिकणार नाही का? सरळ धावणाऱ्या पट्ट्याला हे लागू पडेल. एलिव्हेटरचा पट्टा मात्र प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाकतो. 400 मिमी व्यासाच्या पुलीवरून जाताना 8 मिमी पट्ट्याच्या बाहेरच्या बाजूचा मार्ग आतल्या बाजूपेक्षा 4 टक्के लांब असतो. 12 मिमी पट्ट्याला हा फरक 6 टक्के होतो. थरांमधलं रबर तो फरक सोसतं. 30 मीटर लांबीचा पट्टा सेकंदाला 2 मीटर वेगाने धावत असेल तर तो तासाला 480 वेळा वाकतो. मोठी पुली न बसवता जाडी वाढवली तर थर सुटायला लागतात. शिवाय ताठर पट्टा लहान पुलीला नीट बिलगत नाही, आणि घसरण वाढते. म्हणजे जी झीज टाळायला जाडी घेतली, तीच वाढते.

दुसरं म्हणणं पैशाचं आणि हंगामाचं, आणि ते मी हलक्यात घेत नाही. दिवाळीनंतर सरकारी धानाची भरडाई सुरू झाली की मिल थांबवणं परवडत नाही. बूट उघडून साफ करायला अर्धा तास मागितला तरी कपाळाला आठ्या पडतात. लॅगिंगही झिजतंच, मग खर्च टळला कुठे? खर्च टळत नाही, जागा बदलतो. उघडून बदलता येणाऱ्या सुट्या तुकड्यांचं लॅगिंग हेडचं झाकण काढून बदललं जातं, पट्ट्याला हात लावावा लागत नाही. नवा पट्टा चढवायला मात्र सगळ्या बकेट सोडवाव्या आणि पुन्हा बसवाव्या लागतात. आणि भरडाईच्या करारात 100 किलो धानामागे 67 किलो साधा तांदूळ द्यावा लागतो. साल काढलेला तांदूळ बूटमध्ये परत पडून चिरडला जातो तेव्हा कणी वाढते आणि तोटा तिथेही होतो, फक्त तो पट्ट्याच्या खात्यावर मांडला जात नाही. हे ऐकल्यावर मालक अर्धा तास देतात, असा माझा अनुभव आहे. सगळे नाही.

एका बाबतीत मात्र पट्ट्याच्या निवडीचं महत्त्व मला मान्य आहे, पण तीही जाडीची निवड नव्हे. कोंड्यात पंधरा ते वीस टक्के तेल असतं आणि साधं रबर तेलाने फुगून मऊ पडतं. कोंड्याच्या एलिव्हेटरला नायट्राइलसारखं तेल सोसणारं रबर लागतं. उकड्या तांदळाच्या मिलांत भिजलेलं, गरम धान चढतं, तिथे सुती कापडाचा पट्टा कुजतो आणि नायलॉनचा ओलीने लांबतो; पॉलिएस्टर त्यात बरं टिकतं. राहिली पट्टा उलटवून वापरायची पद्धत. पाठ घासली की पुढची बाजू पुलीकडे करून आणखी एक हंगाम काढायचा, असं पुष्कळ जण करतात. पाठीवर अजून रबर असेल आणि भोकं गोल असतील तर माझी हरकत नसते. कापड उघडं पडलं असेल तर उलटवल्यावर तेच कापड मालाच्या आणि ओलीच्या बाजूला येतं, बकेट त्यावर दाबून बसतात, आणि पट्टा बोल्टच्या ओळीवर फाटतो, तोही बहुधा भरल्या बकेट वर असताना.